हवा बदलली कोणी? सोयाबीन खरेदीच्या डेटाबेसवर ऑडिट लॉग बसवताना

लातूर जिल्ह्यातल्या औसा भागात एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सभासदांकडून सोयाबीन घ्यायचं, चाळायचं आणि तेलगिरण्यांना विकायचं, एवढंच तिचं काम. नाव सांगत नाही, कारण पुढं जे घडलं ते कुठल्याही खरेदी केंद्रावर घडू शकलं असतं. माझं काम लातुरात बसून लहान संस्थांचे सर्व्हर सांभाळायचं. नोव्हेंबर २०२४च्या शेवटच्या आठवड्यात सचिवांचा फोन आला, "साहेब, कॉम्प्युटरमधल्या नोंदी कोण बदलतंय ते कळतं का?"

आधी थोडं सोयाबीनचं. आडतीत ओलाव्याला 'हवा' म्हणतात. मॉइश्चर मीटरनं हवा काढतात. इथला नियम साधा: दहा टक्क्यांपर्यंत पूर्ण वजन, त्यापुढं जेवढी हवा जास्त तेवढे टक्के वजन कमी. त्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि केंद्रानं नोव्हेंबरात सरकारी खरेदीसाठी हवेची मर्यादा १२वरून १५ टक्क्यांवर नेली होती. त्यामुळं "सरकार पंधरा चालवतंय, तुम्ही दहालाच कापता" हे सभासदांचं गाऱ्हाणं रोजचंच होतं. वातावरण आधीच तापलेलं.

अशात एक वयस्कर सभासद दोन कागद घेऊन आले. एक काट्यावरची चिठ्ठी, तिच्यावर हवा ११.८. दुसरी हिशेबाची पट्टी, तिच्यावर त्याच मालाची हवा १३.६. माल १४ क्विंटल. म्हणजे २५ किलो २०० ग्रॅम जास्तीचे कापले गेले, आणि ४,२०० भावानं १,०५८ रुपये कमी मिळाले. ते ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, "चिठ्ठी तुमचीच, पट्टी बी तुमचीच. ह्यातली खरी कोणती धरायची तेवढं सांगा."

दोन दिवसांत आणखी चौघे आले. संशय गेला ग्रेडरवर. हवा तोच मोजतो, आणि तो एका संचालकांचा भाचा. गावात याहून जास्त पुरावा लागत नाही.

खरेदीचं सॉफ्टवेअर पीएचपीत लिहिलेलं. ते लिहिणारा मुलगा आता पुण्यात नोकरी करतो. सर्व्हर म्हणजे कार्यालयाच्या कोपऱ्यातला एक डबा, त्यावर उबुंटू २२.०४ ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि मारियाडीबी १०.६ हा डेटाबेस. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कर्मचाऱ्याचं वेगळं लॉगिन होतं, पण बदलांचा इतिहास ठेवलेला नव्हता. चिठ्ठीतला हवेचा आकडा बदलला की जुना आकडा गेला, कायमचा.

सचिवांना एका गोष्टीचं राहून राहून आश्चर्य वाटत होतं. त्यांच्या सीएंनी ऑडिट ट्रेलचा विषय आधीच हातावेगळा केला होता. उत्पादक कंपनी ही शेवटी कंपनीच, त्यामुळं कंपनी लेखे नियमांतली १ एप्रिल २०२३पासूनची अट तिलाही लागू: हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरबदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. त्यासाठी टॅलीची एडिट लॉगवाली आवृत्ती घेतलेली. तो लॉग आम्ही उघडला तर आरशासारखा स्वच्छ. स्वच्छ असणारच! खरेदीच्या डेटाबेसमधून टॅलीत रोज एकच गोळाबेरीज नोंद जात होती. आकडा बदलत होता तो टॅलीपर्यंत पोचायच्या आधी. नळाला गाळणी बांधलेली आणि माती आडातच पडत होती, असा प्रकार.

सोमवारी, २५ नोव्हेंबरला संध्याकाळी मी तिथं पोचलो. ऑडिट लॉग म्हणजे डेटाबेसवर कुठल्या खात्यातून, कधी, काय केलं गेलं याची आपोआप लिहिली जाणारी वही. पहिला प्रश्न मागं काय झालं हा होता, आणि त्याला ऑडिट लॉगकडं उत्तर नसतं. तो चालू केल्या क्षणापासूनचं लिहितो. बायनरी लॉग, म्हणजे डेटाबेस स्वतःच ठेवतो ती बदलांची क्रमवार नोंद, चालू असता तर जुने बदल तरी सापडले असते, पण मारियाडीबीत तो मुळात बंद असतो आणि इथं कुणी चालू केलेला नव्हता. हाती होते ते रात्री दोन वाजता निघणारे बॅकअप, शेवटच्या चौदा रात्रींचे.

ते लॅपटॉपवर चौदा वेगवेगळ्या डेटाबेसमध्ये भरले. डंपच्या, म्हणजे बॅकअपच्या, फायली शेजारी ठेवून फरक काढायच्या भानगडीत पडू नका, तिथं एका ओळीत शेकडो नोंदी कोंबलेल्या असतात. चिठ्ठी क्रमांकावर दोन रात्रींचे तक्ते जोडले आणि विचारलं, हवा कुठं बदलली? ३७ चिठ्ठ्या निघाल्या. २१ चिठ्ठ्यांत हवा वाढलेली, १६मध्ये कमी झालेली.

ती सोळाची संख्या बघून सचिव गप्प झाले. ज्यांचे पैसे गेले ते कार्यालयात आले होते. ज्यांना जास्त मिळाले ते कशाला येतील? आणि वाढ-घट एकमेकींना खाऊन टाकत असल्यानं दिवसाच्या एकूण वजनात काहीच जाणवत नव्हतं. चोरी करणारा माणूस सोळा जणांना पैसे वाटत सुटत नाही. इथंच मला वाटायला लागलं की भाच्याचा यात हात नाही. पण वाटणं आणि दाखवता येणं यात फरक आहे, म्हणून लॉग चालू करायचं ठरलं.

मारियाडीबीचं एक बरं आहे. ऑडिटचं प्लगिन (वरून जोडायचा भाग), सर्व्हर_ऑडिट नावाचं, सर्व्हरसोबतच फुकट येतं. ओरॅकलच्या मायएसक्यूएलमध्ये तीच सोय पैसे मोजून घ्यायच्या एंटरप्राइझ आवृत्तीत आहे, आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणारे पीजीऑडिट वेगळं बसवतात. आम्ही 'इन्स्टॉल सोनेम' ही एक आज्ञा दिली, मग 'सेट ग्लोबल'नं लॉगिंग चालू केलं. पाच मिनिटांचं काम. पाच मिनिटांत झालेल्या कामाचे पुढचे तीन दिवस मी हप्ते फेडले.

मंगळवारी संध्याकाळी पाचला लॉग उघडला. त्यात जेमतेम शेवटच्या पाच तासांचं होतं, त्याआधीचं काहीच नाही. आदल्या संध्याकाळी चालू केलेला लॉग, मग सकाळ गेली कुठं?

आवारात दोन टीव्ही लावलेले आहेत, कुणाची गाडी कितव्या नंबरावर आहे ते दाखवणारे. प्रत्येक टीव्ही दर पाच सेकंदांना चार प्रश्न डेटाबेसला विचारतो. तासाला दोन्ही मिळून ५,७६० प्रश्न झाले. मी घटनांचा कुठलाच प्रकार निवडला नव्हता, म्हणजे प्लगिन सगळंच लिहिणार. प्रत्येक प्रश्नाची एक ओळ, शिवाय त्यानं वाचलेल्या प्रत्येक तक्त्याची एक ओळ, वर जोडणी आणि तोडणीच्या ओळी. तासाला साधारण दोन एमबी. आणि या प्लगिनची मुळातली मर्यादा अशी की दहा लाख बाइट्स झाले की फाइल पालटते आणि जुन्या नऊच फायली ठेवते. चालू धरून दहा एमबी, म्हणजे आमच्या इथं पाच तास. गाडी नंबरच्या टीव्हीनं पुरावा पुसून टाकला होता.

तेव्हा लॉगमधून सिलेक्ट, म्हणजे माहिती नुसती वाचणाऱ्या आज्ञा, वगळले. जोडणी, माहिती बदलणाऱ्या आज्ञा, तक्त्यांची रचना बदलणाऱ्या आज्ञा आणि हक्कांचे बदल, एवढंच ठेवलं. यात तोटा आहे आणि तो मी सचिवांना सांगितला: कुणी सभासदांचे बँक खाते क्रमांक नुसते बघून गेला तर ते लॉगमध्ये येणार नाही. त्यांनी विचार करून 'चालेल' म्हटलं, कारण या घडीचा प्रश्न बदलाचा होता. टीव्हीच्या जोडण्यांच्या ओळी मात्र चालूच राहतात, त्या खातेनिहाय वगळता येत नाहीत. वापरकर्ता वगळायची सोय आहे खरी, पण जोडणीच्या नोंदी तिला जुमानत नाहीत. मग टीव्हीच पाचाऐवजी तीस सेकंदांवर नेले. नंबर पंचवीस सेकंद उशिरा कळला म्हणून कुणाचं सोयाबीन वाळत नाही.

हे बदलही मी 'सेट ग्लोबल'नंच केले. घाई होती, चहा आला होता, ही कारणं आता सांगतो. मंगळवारी रात्री वीज गेली, यूपीएसची बॅटरी तासाभरात बसली, सर्व्हर पडला आणि वीज आल्यावर आपोआप उठला. बुधवारी दुपारी बघतो तर लॉग कोराच. प्लगिन जागेवर होतं, कारण त्याची नोंद सर्व्हर स्वतःच्या तक्त्यात ठेवतो. लॉगिंगची किल्ली मात्र बंद, कारण ती मुळात बंद असते आणि 'सेट ग्लोबल'चं आयुष्य पुढच्या रीस्टार्टपर्यंतच. आमच्या भागात हे दोन महिन्यांतून एकदा नव्हे, आठवड्यातून दोनदा घडू शकतं. मी मराठवाड्यातच वाढलो, तरी विसरलो.

मग सगळं कॉन्फिग फाइलीत घातलं, सर्व्हर सुरू होताना दर वेळी वाचतो तिच्यात. प्लगिन सर्व्हरसोबत चढेल, चढलं नाही तर सर्व्हर सुरूच होणार नाही, आणि चालू सर्व्हरवरून कुणाला काढता येणार नाही अशी एक पक्की सेटिंग आहे, तीही लावली. फाइलीचा आकार पन्नास एमबी, जुन्या फायली वीस. फाइलीसाठी मी हौसेनं एक नवा फोल्डर केला आणि त्याची मालकी रूटकडंच, म्हणजे सगळे हक्क असलेल्या खात्याकडंच, राहिली. डेटाबेस स्वतःच्या खात्यातून चालतो, त्याला तिथं लिहिता येईना. सर्व्हर मात्र गुपचूप चालू! म्हणून लॉगिंगची किल्ली 'ऑन' दिसतेय यावर जाऊ नये. 'सर्व्हर_ऑडिट_ॲक्टिव्ह' हे स्टेटस बघावं, लॉग खरोखर लिहिला जातोय का ते तिथं कळतं.

गुरुवार, २८ नोव्हेंबर. या वेळी लॉगमध्ये हवं ते सापडलं. चिठ्ठ्यांच्या तक्त्यावर लागोपाठ अपडेट, वेळ ०४:०७.

पहाटे चार! कार्यालयाची किल्ली रात्री वॉचमनमामांकडं असते. कुणी काही बोलायच्या आत खोलीतल्या चार डोक्यांत एकच विचार आला, ते सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. एक संचालक उठून दाराकडं निघालेही. मी लॉगमध्ये स्वतःची ओळ शोधली. मी आदल्या संध्याकाळी सात-दहाला लॉगिन केलं होतं, लॉगमध्ये ते १३:४० होतं. साडेपाच तासांचा फरक. डब्यावर उबुंटू टाकताना कुणी वेळेचा विभाग बदलला नव्हता, तो जागतिक वेळेवर चालत होता, आणि प्लगिन यंत्राच्या वेळेनंच लिहितं. ०४:०७ म्हणजे आपले सकाळचे नऊ सदतीस. त्या वेळी वॉचमनमामा घरी दशम्या खात असतील.

संचालक परत येऊन बसले. मामांना हे अजून माहीत नाही.

घड्याळ लगेच भारतीय वेळेवर आणलं आणि एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या टाइम सर्व्हरशी जोडलं. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत घड्याळं जुळवायला आणि लॉग १८० दिवस देशातच जपायला सांगितलं आहे. ते वाचताना मला सरकारी सोपस्कार वाटला होता. त्या दिवशी एका माणसाची अब्रू त्या ओळीवर टांगलेली पाहिली.

नऊ सदतीसला काय होतं? रोज सकाळी कॅशियर 'दिवस बंद' हे बटण दाबून आदल्या दिवसाच्या पट्ट्या काढतो. म्हणूनच रात्री दोनच्या बॅकअपमध्ये जुना आकडा आणि पुढच्या रात्री नवा, असं दिसत होतं. लॉगमधल्या तीन ओळी मी कागदावर उतरवून सगळ्यांपुढं ठेवल्या. तिन्ही आज्ञा एकसारख्या: अमुक तारखेच्या, अमुक गाडी नंबरच्या चिठ्ठ्यांची हवा इतकी करा. गाडी तीच, तारीख तीच. पहिल्या ओळीत हवा १०.९, दुसरीत १२.२, तिसरीत ११.४.

ग्रेडरच सगळ्यांत आधी बोलला. "आयशर हाय ती. तिघांचा माल होता."

आमच्याकडं लहान शेतकरी एकटा गाडी करत नाही. भाड्यात परवडत नाही. शेजारचे दोघे-तिघे मिळून एक आयशर भरतात, काट्यावर एकेकाचा माल उतरवत वजन घेतात, तिघांच्या तीन चिठ्ठ्या होतात. पण मीटरच्या टेबलावर चिठ्ठी क्रमांक पोचत नाही, तिथं गाडी नंबर लिहितात. आदल्या हंगामात काट्यावरची पोरं हवा भरायची विसरत होती, म्हणून त्या पीएचपीवाल्या मुलानं 'दिवस बंद'मध्ये सोय केली: मीटरच्या तक्त्यातली प्रत्येक नोंद घ्या आणि त्या गाडीच्या चिठ्ठ्यांवर चढवा. एका गाडीत एकच माल असेल तर चोख. तिघांचा असेल तर शेवटी मोजलेल्याची हवा तिघांनाही. काट्यावरच्या पोरांनी बरोबर भरलेली हवाही त्याखाली गाडली जात होती.

३७ चिठ्ठ्या गाडी नंबरशी ताडून पाहिल्या. ३४ सामायिक गाड्यांच्या निघाल्या.

उरल्या तीन. तिन्ही एकाच दिवसाच्या, तिन्ही स्वतंत्र गाडीनं आलेल्या, तिन्हींत हवा बरोब्बर एकानं कमी. हे त्या बटणाचं काम नाही. हातानं केलेलं आहे. पण ते लॉग चालू व्हायच्या नऊ दिवस आधीचं, आणि तेव्हा रूटचा पासवर्ड कार्यालयाच्या वायफायचाच होता. वायफाय तर चहावाल्या पोरालाही माहीत. कुणी केलं ते कळलं नाही आणि आता कळणार नाही. ते तीन सभासद कोण, हे मी मुद्दाम विचारलं नाही. सचिवांनी सांगितलंही नाही.

कारण सापडलं तरी काम संपलं नव्हतं. लॉगमध्ये एक मोठी त्रुटी सगळ्यांना दिसली होती: प्रत्येक ओळीवर वापरकर्ता एकच, सॉफ्टवेअरचं सामायिक खातं. बटण कॅशियरनं दाबलं हे आम्हाला कळलं ते कामाच्या वेळापत्रकावरून, लॉगवरून नव्हे. सॉफ्टवेअरमध्ये कोण लॉगिन आहे याचा डेटाबेसला पत्ताच नसतो. प्रत्येकाला डेटाबेसचं वेगळं खातं देणं हा एक उपाय. बारा माणसांसाठी जमलंही असतं, पण पीएचपीचा सगळा कोड उसवावा लागला असता. आम्ही सोपी वाट धरली. माहिती बदलणाऱ्या प्रत्येक आज्ञेच्या तोंडाशी कॉमेंटमध्ये कर्मचारी क्रमांक लिहायचा. कॉमेंट आज्ञेसोबतच लॉगमध्ये उतरते. ती शेवटी लिहू नका. प्लगिन आज्ञेचे पहिले १,०२४ बाइट्सच लिहितं, आणि लांब आज्ञेत शेपटासोबत माणूसही छाटला जातो. अर्थात कोडमध्ये हात घालू शकणारा माणूस खोटा क्रमांकही लिहू शकतो. बारा जणांच्या कार्यालयाला मी एवढ्यावर थांबवलं.

दुसरी त्रुटी अशी की लॉगमध्ये आज्ञा असते, आधीचा आकडा नसतो. 'हवा १३.६ करा' कळतं, आधी ११.८ होती हे कळत नाही. यासाठी चिठ्ठ्यांच्या तक्त्याला सिस्टीम व्हर्जनिंग लावलं. मारियाडीबीत ते १०.३पासून आहे. तेव्हापासून प्रत्येक जुनी नोंद तक्त्यातच मागं राहते, आणि 'काल सकाळी नऊला ही चिठ्ठी कशी होती' असं थेट विचारता येतं. याची एक मेख आहे. रात्रीचा डंप हा इतिहास उचलत नाही, ती सोय १०.११पासूनची. डंपमधून सर्व्हर उभा केला तर सगळ्या चिठ्ठ्या जणू आजच जन्मल्या! म्हणून आठवड्यातून एकदा मारियाबॅकअपनं पूर्ण प्रत घ्यायला लावली.

लॉगची फाइल त्याच डब्यावर ठेवून उपयोग नव्हता. ज्याच्याकडं रूट आहे तो ती पुसेल, नाहीतर लॉगिंगच बंद करेल. अध्यक्षांच्या खोलीत एक जुना डेस्कटॉप धूळ खात होता. आरसिसलॉग हा लॉग पाठवणारा प्रोग्रॅम आता लॉगची प्रत्येक ओळ लगेच तिकडं पाठवतो, आणि तिथं १८० दिवस राहते. त्या खोलीची किल्ली अध्यक्षांकडं. यावर सीए म्हणाले ते रास्त होतं: प्लगिन पासवर्ड झाकतं, पण नव्या सभासदाची नोंद झाली की त्याचा खाते क्रमांक लॉगमध्ये उघडाच उतरतो. म्हणजे ती फाइलही तिजोरीतलीच वस्तू. वाचायचा हक्क दोन खात्यांपुरता ठेवला.

'दिवस बंद'मधली ती सोय काढून टाकली. मीटरच्या टेबलावर आता चिठ्ठी घेऊनच जावं लागतं, हमाल कुरकुरतात. ज्या २१ जणांचे जास्तीचे कापले गेले होते त्यांना फरक दिला. ज्या १३ जणांना बटणानं जास्त दिले होते त्यांच्याकडून परत मागायचे का, यावर संचालकांची बैठक दीड तास चालली आणि न मागायचं ठरलं. ते वयस्कर सभासद १,०५८ रुपये घ्यायला आले तेव्हा मी तिथं होतो. त्यांनी नवी पट्टी आणि जुनी चिठ्ठी शेजारीशेजारी धरली, हवेच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि मगच सही केली.

रूटचा नवा पासवर्ड पाकिटात घालून, सील करून, सचिवांच्या कपाटात ठेवला. सचिव आता रोज सकाळी रूटच्या लॉगिनची यादी बघतात, पेपर वाचावा तशी. फेब्रुवारीत एका सोमवारी सकाळी साडेनऊला त्यांचा फोन आला. आवाज गंभीर. "साहेब, काल रात्री अकरा वीसला रूटनं कुणीतरी आत आलं होतं. रविवारचं. पाकीट तर बंद आहे माझ्याकडं."

मी आठवून पाहिलं. बॅकअपची जागा भरत आली होती म्हणून घरून मीच आत गेलो होतो. पासवर्डची एक प्रत माझ्याकडं राहिलीय, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

"मीच होतो," म्हटलं.

"मग लेखी द्या," ते म्हणाले.